पिवळ्या लॉकरपाशी मनोहरकाका

मनोहरकाका कोणत्याही दुकानात सरळ शिरत नसत. दार आपोआप उघडलेले असे, मागची माणसे खोळंबलेली असत, आणि काका उंबरठ्यावर थांबून आत नजर फिरवत म्हणत, "पहिले जागा ठरवा. मग बजार." जागा म्हणजे चुकामूक झाली तर जिथे भेटायचे ते ठिकाण. जर्सी सिटीतल्या आमच्या किराणा दुकानात ती बासमतीच्या पोत्यांजवळ होती, वाचनालयात माशांच्या टाकीजवळ. जागा ठरली की काका खिशातली छोटी डायरी काढून ती लिहून घेत. गाडी पार्क केली की मजला आणि खांबाचा नंबरही त्याच डायरीत जाई. घरातल्या उरलेल्या मोठ्या माणसांकडे मिळून पाच पदव्या असल्या, तरी गाडी कुठे आहे हे नेहमी काकांनाच विचारले जाई.

काका माझ्या थोरल्या बहिणीचे, मुग्धाचे सासरे. खामगावच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. गाड्या लावणे, सोडणे आणि भोंग्यावरून पुकारणे हे त्यांचे काम. पण त्यांच्या गोष्टींत गाड्या क्वचित येत, हरवलेली मुले फार येत. "माय इकडून चक्कर मारते, पोट्टं तिकडून चक्कर मारते. दोघंही चालत राहिले तर संध्याकाळपर्यंत भेट नाही. मी पाहिलं ना! एकानं जागा धरावी लागते."

"कोणी धरायची?" मी विचारले.

"जो हरवला त्यानं."

"पण हरवलंय कोण, हे कसं ठरवायचं?"

"ते तू ठरव, डॉक्टरीणबाई. शिकलेली तू आहेस."

मी अजून डॉक्टर झालेले नाही. मुग्धाच्या घरातल्या लहान खोलीत राहून मी मॅनहॅटनमधल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. उंदीर वाट कशी लक्षात ठेवतात, हा माझा विषय. काकांना तो अतिशय करमणुकीचा वाटे. "तुझा उंदीर हरवला तर काय करतो गं?" त्यांनी एकदा जेवताना विचारले. नव्या जागी घाबरलेला उंदीर भिंत धरून धावत राहतो, असे मी सांगितले. काकांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवून विचार केला आणि म्हणाले, "म्हणून सापडत नसन."

काकू गेल्यावर अमेयने, म्हणजे मुग्धाच्या नवऱ्याने, त्यांना इकडे आणले. रोज दुपारी तीन वाजता इरा आणि निहार या नातवंडांना शाळेतून घरी आणणे हे त्यांचे काम. इरा नऊ वर्षांची, निहार सहाचा. अमेरिकेतल्या काकांच्या दिवसाला तेवढाच एक खांब होता, आणि तो काढून घ्यावा की काय, असा प्रश्न मुग्धाला पडला होता. ती एकदा माझ्या खोलीत येऊन दार लावून म्हणाली, "बाबा विसरायला लागलेत गं. तू ह्यातच काम करतेस ना? जरा लक्ष ठेव. हे वयाचं आहे की दुसरं काही, मला सांग."

मी उंदरांवर काम करते, माणसांवर नाही, हे तिला सांगायला हवे होते. मी नोंदी ठेवायला लागले. दोन महिन्यांत फोनमध्ये सात नोंदी जमल्या. काका मुलांना घेऊन शेजारच्या टॉवरच्या लॉबीत शिरले. शाळा लवकर सुटण्याच्या दिवशी नेहमीच्या वेळी पोहोचले. लिफ्टमध्ये तेराव्या मजल्याचे बटण का नाही, हे तिसऱ्यांदा विचारले. सलग वाचताना निष्कर्ष सरळ वाटे. एकेका नोंदीमागची परिस्थिती आठवली की तो डळमळे. आमच्या आवारातले तिन्ही टॉवर हुबेहूब सारखे आहेत, आणि त्याच महिन्यात मीही चुकीच्या दाराला कार्ड लावत चिडून उभी राहिले होते. शाळेची ईमेल मुग्धाला आली होती. काकांना ती कुणी सांगितलीच नव्हती. तेराव्या मजल्याच्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणी धड उत्तर दिले नव्हते. एकाच माणसाच्या चुका मोजायच्या आणि तुलनेला कुणालाही घ्यायचे नाही, असा प्रयोग मी प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाला मांडू दिला नसता. तरीही मी मोजत राहिले.

मुलांच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये टोकियोला माझी परिषद होती. तिथे माझ्या संशोधनाचे पोस्टर लागणार होते, म्हणून सगळ्यांनीच जायचे ठरले. काका त्या शहरावर पहिल्याच दिवशी लुब्ध झाले. फलाटावर आखलेल्या रेषांत माणसे मुकाट्याने उभी असलेली पाहून ते मला म्हणाले, "इथं गाडी लागायच्या आधी माणसं रांगेला लागतात. माझ्या स्टँडवर गाडी लागायच्या आधी खिडकीतून रुमाल आत जात." टोपी घातलेल्या एका स्टेशन कर्मचाऱ्याला त्यांनी वाकून नमस्कार केला, त्यानेही तितकेच वाकून उत्तर दिले. "आपल्याच खात्यातला माणूस," काका समाधानाने म्हणाले. मी मात्र त्या शहरात पहिल्यापासून गोंधळलेली होते. शिंजुकू स्टेशनात जिने वर जाऊन खाली उतरत, बाण दोन दिशांना दाखवून एकाच ठिकाणी नेत, आणि नकाशावरचा माझा निळा ठिपका शांतपणे भिंतींतून चालत जाई.

तिसऱ्या दिवशी हॉटेल बदलायचे होते. मुग्धा आणि अमेय सामानाच्या मागे गेले. काका आणि मुले यांची जबाबदारी माझ्यावर होती. स्टेशनात शिरताच काका थांबले. "पहिले जागा."

"येलो लॉकर्स!" निहार ओरडला. भिंतीशी पिवळ्या लॉकरांची लांब रांग होती. मी तिच्यासमोर मुलांचा एक फोटो काढला, आणि तेवढ्यात माझ्या पीएचडीच्या गाइडचा फोन आला. पोस्टरमधल्या एका आकृतीवर त्यांची शंका होती. तिथे आवाज फार होता. "काका, दहा मिनिटांत येते," म्हणून मी जिना चढून गेले.

फोन पस्तीस मिनिटे चालला. जिना उतरून आले, पिवळे लॉकर दिसले, आणि त्यांच्यासमोर कुणीही नव्हते. मी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. परत आले. पुढच्या दालनात गेले, पुन्हा परत आले. काकांच्या फोनला जपानमध्ये नेटवर्क नव्हते. तिघांनी घेतले की पुरे, त्यांना कशाला, असे आम्हीच ठरवले होते. कितीतरी वेळाने माझ्या लक्षात आले, की मी भिंत धरून धावत होते.

मुले आधी सापडली. इराने निहारचा हात धरून स्टेशनचे कार्यालय गाठले होते आणि आईचा फोन नंबर पाठ म्हणून दाखवला होता. "आमचे आजोबा हरवलेत," अशी तक्रार तिने तिथे इंग्रजीत नोंदवली होती. मुग्धा आणि मी तिथे पोहोचलो. अमेय एका कर्मचाऱ्याला घेऊन काकांना शोधायला गेला. काही वेळाने त्याचा फोन आला. "सापडले. खालच्या मजल्यावर आहेत. पिवळे लॉकर, सहाशे चाळीस नंबर. रुमाल अंथरून बसलेत."

"खालच्या?" मी म्हणाले. "आमची जागा वरच्या मजल्यावर होती. मी तिथेच तर शोधत होते."

माझ्या स्वरात शंकेचा लवलेशही नव्हता.

काका आले तेव्हा मुग्धाने विचारले, "बाबा, तुम्ही खाली कसे गेलात?"

"ही जस्ट डिसअपीअर्ड, मम्मा," इरा घाईघाईने म्हणाली. "आय टर्न्ड अराउंड अँड ही वॉज गॉन."

काकांनी इराकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. "हाव," ते म्हणाले. "मीच हरवलो."

एवढ्याने मुग्धाचा प्रश्न सुटला. जर्सी सिटीला परतल्यावर मुलांना शाळेनंतरच्या वर्गात घातले गेले. मुग्धाने ते काकांना शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितले. ते म्हणाले, "बरं केलंस." पुढचे कित्येक दिवस तीन वाजायला आले की ते बूट घालत, सोफ्यावर जरा वेळ बसत, आणि बूट काढून ठेवत. मग एके दिवशी त्यांनी जाहीर केले, की आपण खामगावला परत जातो. तिथे पुतण्या खालच्याच मजल्यावर राहतो. अमेयने फारसा विरोध केला नाही.

काकांच्या तिकिटाला आठवडा उरला असताना मी पोस्टरचा एक फोटो शोधत होते, आणि तो दुसरा फोटो समोर आला. निहार जीभ काढून उभा, इरा वैतागलेली, आणि दोघांच्या मधे लॉकरवरचा नंबर अगदी स्वच्छ: सहाशे चाळीस. मी तो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. काका जागचे हललेच नव्हते. मी दुसऱ्या जिन्याने उतरले होते आणि एक मजला वरच थांबले होते. तिथेही तसेच पिवळे लॉकर होते. त्या दिवशी मोठ्या माणसांपैकी एकच जण हरवला होता, आणि साक्षही त्याचीच ग्राह्य धरली गेली होती.

मी फोन घेऊन काकांच्या खोलीत गेले. ते बॅगेला दोरी बांधत होते. फोटो त्यांनी चष्मा लावून पाहिला. "निहार्‍या चांगला आला," एवढेच म्हणाले.

"काका, तुम्ही का नाही बोललात?"

"काय बोलू? मी नंबर लिहायला रांगेच्या कोपऱ्याआड गेलतो, दोन पावलं. फिरून पाहतो तर पोट्टे नाहीत. म्हणजे पोरगीनं जागा सोडली. आता हे सांगितलं असतं, तर धाकट्या भावाला घेऊन तू का हललीस म्हणून सगळे तिच्यावर आले असते. नऊ वर्षांचं लेकरू ते."

"मग तुम्ही मुलांना शोधायला का नाही गेलात?"

"पाय निघत होते गं. जीव नुसता वर-खाली. पण तू दहा मिनिटांत येते म्हणून गेलतीस. जागेवर कोणीच नसतं तर?"

 मी म्हणाले, की मी मुग्धाला आजच सांगते. तुम्हाला जायची गरज नाही.

"राहू दे. पोरगी खोटी पडन." त्यांनी दोरीची गाठ आवळली. "आणि खरं सांगू? त्या दिवशी मी नाही हरवलो. बाकीच्या दिवसांचं मला सांगता येत नाही. कधीकधी लिफ्टमधून बाहेर येतो अन् क्षणभर काहीच ओळखू येत नाही. हे तुमच्या बिल्डिंगीमुळं का माझ्या डोक्यामुळं, काय माहीत. तुला समजलं का काही?"

"नाही," मी म्हणाले. त्या विषयावर मी दिलेले ते पहिले प्रामाणिक उत्तर होते.

"खामगावात हरवलो तर कोणीही हाताला धरून घरी आणून सोडन. म्हणून जातो."

मुग्धाला मी काही सांगितले नाही. ते त्यांच्या शब्दाखातर, की माझी स्वतःची चूक झाकून राहत होती म्हणून, हे मला तेव्हाही नीट ठरवता आले नाही आणि आजही येत नाही.

नुअर्कच्या विमानतळावर आम्ही सगळे गेलो. सुरक्षा तपासणीच्या रांगेपाशी काका मुलांना कुरवाळत होते, आणि एरवी त्यांच्याशी इंग्रजीतच बोलणारी इरा एकदम मराठीत म्हणाली, "आजोबा, मी जागा सोडली होती."

मुग्धा वळली. अमेयही वळला.

"आई म्हणाली होती, आजोबा विसरतात, तू लक्ष ठेव. तुम्ही दिसला नाहीत. म्हणून मी तुम्हाला शोधायला गेले. तुम्ही हरवला नव्हता. मी..." पुढचे तिला मराठीत येईना आणि इंग्रजीतही येईना.

काका गुडघ्यावर हात ठेवून तिच्या उंचीला वाकले. "जागा कोणी धरायची?"

"जो हरवला त्याने."

"अन् तू काय करत होतीस?"

"शोधत होते."

"मग? शोधणाऱ्यानं जागा सोडली नाही तर शोधणार कसा? तू बरोबर केलंस." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा वेळ तसाच ठेवला, आणि रांगेत शिरले.

मी फोन काढून तो फोटो मुग्धासमोर धरला. "मीच चुकीच्या मजल्यावर होते," मी म्हणाले. मुग्धाने नंबर पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि "बाबा!" अशी हाक मारली. रांग वळणे घेत पुढे सरकली होती. काकांनी लांबून हात हलवला. तो निरोपाचा होता की 'राहू दे' असे सांगणारा, ते कळले नाही.

आम्ही पार्किंगकडे निघालो. लिफ्टपाशी अमेय थांबला. "कुठल्या मजल्यावर लावलीय गाडी?"

मुग्धाला आठवेना. मला आठवेना. आम्ही दुसऱ्या मजल्यावर एक फेरी मारली, मग चौथ्यावर. निहार दमून एका खांबाला टेकून बसला. "आजोबा राइट्स इट डाऊन," तो म्हणाला.

अमेयने वडिलांना फोन लावून स्पीकरवर टाकला. मागे विमानतळाच्या घोषणांचा गलका ऐकू येत होता.

"बाबा, गाडी..."

"तिसरा मजला. एफ बारा. खांब हिरवा आहे," काका म्हणाले. "पोट्ट्यांचे हात धरून चला."

उत्तर इतके तत्काळ आले, की डायरीचे पान उलटायलाही तेवढ्यात वेळ मिळाला नसता. ते त्यांना आठवत होते, असे मला क्षणभर वाटले. मग वाटले, की आपण फोन करणार हे ओळखून ते पान त्यांनी आधीच उघडून ठेवले असेल.