उसनं नाक

जहाजावर चढायचं असेल तर आधी नाकात काडी घालून घ्यावी लागते, हे आमच्या पुणतांब्यात कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. आमच्याकडे गोदावरी आहे, पण तिच्यात जहाज चालत नाही. उन्हाळ्यात म्हशीसुद्धा तिच्यात बसताना नीट जागा बघून बसतात. मला हे कळलं ते माझ्या नवऱ्यामुळे. त्यांचं गावात खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. ज्या कंपनीची औषधं ते विकतात, तिने त्या वर्षी टार्गेट पूर्ण करणाऱ्या दुकानदारांना जोडीने मुंबईहून गोव्यापर्यंत जहाजाची सहल लावली होती. टार्गेट कसं पूर्ण होतं ते सांगते. ज्याला एक बाटली पुरली असती, त्याच्या गळ्यात तीन मारल्या की होतं.

कोरोनाच्या लाटा येत-जात होत्या ते दिवस. सहलीच्या आधी कंपनीचा मेसेज आला, की दोघांच्याही तपासणीचा रिपोर्ट लागेल. तो जहाज सुटण्याआधी तीन दिवसांच्या आतला हवा आणि निगेटिव्हच हवा, नाहीतर बंदरावरूनच परत पाठवलं जाईल. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. शेकडो माणसं एका पेटीत बंद करून समुद्रात न्यायची, तर विचारपूस करायलाच पाहिजे. पण आमच्या घरात तो मेसेज असा वाचला गेला, जणू कंपनीने यांचा भर सभेत अपमान केला होता.

त्याला कारण होतं. आठ-दहा दिवसांपूर्वी हे एका साखरपुड्याला जाऊन आले होते. मांडवात खेटून बसले, आग्रह करकरून जेवले, आणि आल्यापासून खोकत होते. सकाळी उठून मोरीत खाकरायचे, बेडका तसाच टाकायचे, त्यावर पाणी ओतायचं काम माझं. नाक पुसलेल्या हातानेच गल्ल्यातल्या नोटा, त्याच हाताने पोळी. मी म्हटलं, सरळ तपासून घ्या, निघालं तर घरी बसा, जहाज काही पळून जात नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुकान विकायला सांगितलं होतं. नुसती थंडी लागलीय, म्हणाले, आणि सेटिंग करतो म्हणाले.

हा शब्द आमच्या भागात देवाच्या नावाखालोखाल घेतला जातो. पोराची ॲडमिशन असो, विजेचा डीपी असो, नाहीतर ऊस लवकर तोडायचा असो, सेटिंग लावली की झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं, की हा माणूस कुठेही अडत नाही. नंतर कळलं, की हे अडत नाहीत कारण यांच्या जागी दरवेळी दुसरं कुणीतरी अडतं.

लॅब शेजारच्या गावात होती. तिथल्या माणसाकडे हे जाऊन आले आणि जेवताना मला सगळं सांगितलं. पूर्वी म्हणे काडी न घालताही रिपोर्ट मिळायचा. आता सगळी माहिती मोबाईल नंबरासकट वर सरकारात जाते, मशीनला काहीतरी लावावंच लागतं. मग त्या माणसाने जे सांगितलं, ते यांनी त्याच्याच आवाजात मला म्हणून दाखवलं.

“नाक कोनाचं बी चालंल. पर नाक पायजे.”

एवढं बोलून हे हसले आणि आमटीचा भुरका मारला.

त्यांनी पहिल्यांदा माझंच नाक मागितलं. तू एक काडी जास्त घाल, म्हणाले, एक तुझ्या नावाने, एक माझ्या. मी सांगितलं, माझं नाक मी एकदाच देणार आणि माझ्याच नावाने देणार. त्यावर ते फुरंगटले आणि मग बाजारात गोऱ्हा पाहावा तसे घरादारातली नाकं पाहू लागले. चुलत दीर रोज मार्केटात असतात, त्यांचा भरवसा नाही. दुकानातला हमाल नको, तो गावभर करील. शेवटी त्यांना नाना आठवले.

नाना म्हणजे माझे सासरे. सत्तरी कधीच ओलांडलेली. सासूबाई गेल्यापासून ते मळ्यातल्या खोलीत एकटे राहतात, कामाशिवाय गावात फिरकत नाहीत. गाय, विहीर आणि बांधावरची लिंबं, एवढाच त्यांचा वावर. यांचं म्हणणं, आख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्याइतकं स्वच्छ नाक सापडायचं नाही. मी म्हटलं, नानांचा डबा रोज संध्याकाळी कोण नेतं? तुम्ही. त्यांच्या बाजेवर बसून चहा कोण पितं? तुम्ही. खोकतं कोण? त्यावर उघड्या हवेत काही होत नाही, असं उत्तर मिळालं.

नाना तयार झाले. ते कुठल्या गोष्टीला नाही म्हणाल्याचं मी कधी पाहिलं नाही. फक्त एकदा त्यांनी मुलाला विचारलं, की तुझ्याच नाकात का घालत नाहीत. हे म्हणाले, मला वेळ नाही. आणि मग वेळ नसलेला हा माणूस आम्हाला गाडीतून लॅबपर्यंत घेऊन गेला आणि काच वर करून, गाणी लावून, बाहेर गाडीतच बसून राहिला.

ती लॅब मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. जिन्याखालचा गाळा, त्यात एक प्लॅस्टिकची खुर्ची, कोपऱ्यात मावा थुंकून लाल झालेली भिंत. वापरलेल्या काड्या झाकण नसलेल्या डब्यात. आत एक माणूस कमरेपर्यंत उघडा टाकलेला पांढरा किट घालून उभा होता, एका हातात ग्लोव्ह, त्याच हाताने मोबाईल चालवत होता. तोच ग्लोव्ह माझ्या हनुवटीला लागला. घरी आल्यावर मी हनुवटी साबणाने किती वेळा धुतली असेल, पण तो स्पर्श गेला नाही.

मग नाना बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, जशी ते कीर्तनात ठेवतात. त्या माणसाने यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स पुढे ओढली.

“बाबा, मान वर करा,” म्हणाला, आणि बाबा म्हणत म्हणतच त्याने वय त्रेचाळीस लिहिलं.

काडी आत गेली तसं नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना मोठी शिंक आली आणि त्यांनी लगेच हात जोडून त्या माणसाची माफी मागितली. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. किळस मला त्या भिंतीची आली होती, त्या ग्लोव्हची आली होती, पण सगळ्यात जास्त त्या बाहेर वाजणाऱ्या गाण्याची आली.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर रिपोर्ट आले. माझा निगेटिव्ह, यांचा पॉझिटिव्ह.

“माझा कसा पॉझिटिव्ह यील? मी तर नाकच दिलं न्हाई,” हे म्हणाले. खरोखरच्या आश्चर्याने म्हणाले. मला हसू फुटलं, तेवढंच काय ते हसले मी त्या आठवड्यात. मग यांना राग आला. स्वतःचा नाही, नानांचा. म्हातारं कुठं कुठं हिंडत होतं कुणास ठाऊक, असं बडबडत घरभर फिरले. मी म्हटलं, हिंडत तुम्ही होतात, त्यांना घरपोच आणून दिलंत.

सकाळी गावातल्या आशाताई आल्या. घरोघर फिरून आजाऱ्यांची खबर ठेवायचं काम त्यांच्याकडे आहे. त्यांनी आमच्या दारावर कागद चिकटवला, गोळ्यांची पुडी दिली, आणि यांना माडीवरच्या खोलीत बसवलं. घरात अजून कोण, असं विचारल्यावर हे वरून म्हणाले, आम्ही दोघंच, वडील वेगळे मळ्यात असतात, गाठभेट नाही. बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ऐकून आशाताई मला म्हणाल्या, रिपोर्ट अगदी बरोबर आलाय बघा. काय सांगणार होते? खोटा रिपोर्ट खरा निघाला होता.

एवढं झाल्यावर तरी जहाज डोक्यातून जावं की नाही? नाही गेलं. यांनी वर बसून कंपनीच्या साहेबाला फोन लावले. लॅबची चूक झाली, दुसरा रिपोर्ट देतो, म्हणाले. साहेब म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा आणि या. झालं, दुसऱ्या गावात दुसरी लॅब आणि दुसरं नाक शोधायला सुरुवात झाली. मागच्या दाराने पहाटे निघायचं ठरलं. मला एकच ताकीद होती, जहाज सुटेपर्यंत नानांचं नाव तोंडातून काढायचं नाही. एका घरात दोन पेशंट झाले तर सगळं मुसळ केरात, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी मी डबा घेऊन मळ्यात गेले. बांधावरूनच गाय हंबरताना ऐकू आली. तिचे सड ताठरलेले, सकाळची धार काढलेलीच नव्हती. नाना धार कधी चुकवत नाहीत. ते बाजेवर गोधडी घेऊन उन्हात पडले होते आणि तरी कुडकुडत होते. कालची भाकरी उशाशी तशीच होती, तिला मुंग्या लागल्या होत्या. मी कपाळाला हात लावला तर चटका बसला. त्यांना एक वाक्य एका दमात बोलता येत नव्हतं. मुलाने त्यांना फोनवर सांगितलं होतं, रिपोर्ट चांगला आलाय. म्हणून ते आपलं थंडीने झालं असेल असं समजून पडून राहिले होते.

मी घरी आले ती जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच ओरडून सांगितलं, की नानांना धाप लागलीय, त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. मग कात्रीचा आवाज आला. आणि वरून गोळ्यांचं अर्धं पाकीट माझ्या पायाशी येऊन पडलं.

“निम्म्या त्यान्ला दे. जहाज सुटू दे, मंग बघू,” हे म्हणाले.

मला शिसारी आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांचं खाकरणं, थुंकणं, खोटं बोलणं सगळं सोसलं होतं, पण ते नीट मधोमध कापलेलं पाकीट मला हातात धरवेना. बापाच्या जिवाचे निम्मे भाग करताना या माणसाने कात्री शोधून काढली होती.

तेवढ्यात आशाताई यांचा ऑक्सिजन मोजायला आल्या. मी त्यांना दारातच अडवलं आणि म्हटलं, आधी मळ्यात चला, सासरे सिरियस आहेत. त्या गोंधळल्या. बाई वाईट नाहीत, पण त्यांचीही बिचारीची रोज कुणी ना कुणी हजेरी घेत होतं.

“ताई, माझ्याकडं तुमच्या घरचं एकच नाव हाय, अन् ते वर बसलंय.”

“वर बसलंय ते निस्तं नाव हाय,” मी म्हटलं. “नाक मळ्यात हाय.”

त्यांना काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. साखरपुडा, सेटिंग, काच वर केलेली गाडी, वय त्रेचाळीस, सगळं. वरचा खोकला मध्येच थांबला. हे ऐकत होते. एकदा फक्त हळू आवाजात, “अगं, गप,” असं आलं. मी आवाज आणखी चढवला, म्हणजे शेजारच्यांनाही ऐकू जावं.

मळ्यात आशाताईंनी नानांच्या बोटाला ते यंत्र लावलं, त्यावरचा आकडा पाहिला आणि मला न दाखवता फोन लावला. रुग्णवाहिका विहिरीपर्यंत आली. नानांना नळी लावून नेलं. आणखी एक रात्र काढली असती तर कठीण होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्या दवाखान्यात त्यांची पुन्हा तपासणी झाली, त्यांच्या स्वतःच्या नावाने.

जहाज सुटलं ते आमच्याविना. यांची तपासणी आशाताईंच्या समोर, यांच्याच नाकातून झाली आणि यांना माडीवरच राहावं लागलं. ग्रुपवर बाकीच्या दुकानदारांचे डेकवरचे फोटो आले, त्या प्रत्येकाखाली यांनी अंगठा टाकला. लॅबचं काय झालं म्हणाल तर काही नाही, ती अजून चालू आहे, आता तिथे रक्तातली साखर तपासतात. नाना मात्र परतले. काठी हातात आली, पण परतले.

पुढे एकदा मी डबा द्यायला दुकानात गेले तेव्हा हे गिऱ्हाइकांना सांगत होते, की वडिलांना वेळेत ॲडमिट केलं म्हणून वाचले, रात्रीचा दिवस केला मी. माणसं माना डोलवत होती. एकाने तर असा मुलगा नशिबाने मिळतो म्हटलं. मी डबा तिथेच आपटला आणि तडक मळ्यात आले. नाना बाजेवर बसून लिंबं निवडत होते. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, उद्या तुम्ही स्वतः दुकानात येऊन खरं काय ते सांगा.

नानांनी हातातलं लिंबू पाटीत टाकलं.

“जमीन त्याच्या नावावर केली, पोरी. घर केलं, दुकानाची जागा केली. माझं दुखनं बी त्यानं आपसूक नावावर करून घेतलं. आता मला वाचवल्याचं पुण्य बी घेऊ दे. भांडाया तरी कोनाच्या नावानं यिऊ?”