खंडेनवमीला राबलेली पेटी

भाकरी थापता थापता लंकाबाईनं नवऱ्याचं आणि लेकाचं ते भांडण ऐकलं, आणि तव्यावरची भाकरी करपली.

"आबा, बटन तुमी बंद केलं?"

"व्हय. खंडेनवमी हाय. नांगर, कोयता, विळा समदी पूजेला बसल्यात. तुझीच पेटी काय म्हनून राबंल?"

"आत अपडेट चालू हुतं. अर्ध्यात वीज तोडत्यात का?"

"पोळ्याला बैल जुपत न्हाईत, अंगद."

ती पेटी म्हणजे कॉम्प्युटर. अंगदनं नगरहून एकेक सुटा भाग पिशवीत घालून आणला, पाथर्डीकडच्या त्या माळावरच्या घरात बसून जोडला. त्या दिवशी तो बिघडल्यावर दुकानदारानं तो पुन्हा चालू करून दिला, पण आतलं सगळं पुसून. पुसलं त्यात अंगदच्या आजीचा भरून ठेवलेला आवाज होता. म्हातारी तेव्हा जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या गोष्टी, खोकला, कोंबड्यांना घातलेल्या शिव्यासुद्धा. आणि ती आबांची, म्हणजे आसारामची आई होती, हे बोलायचं मात्र दोघंही विसरले.

दिवाळी झाली तसा अंगद पुण्याला गेला. बापलेकाचं बोलणं तुटलं.

आसारामला चुकलो म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यानं पेटी सांभाळली. गोठा झाडून झाला की तिच्यावरची धूळ झाडायची, वर धुतलेलं उपरणं टाकायचं. माउस धरायला शिकला, खुरपं धरल्यागत घट्ट. अंगद आईसाठी म्हणून आपल्या लेकीचे, दिशाचे फोटो पाठवायचा. बघत बसायचा आसाराम. नातीला त्यानं तेवढंच पाहिलेलं. दर दसऱ्याला आपट्याची पानं पिशवीत बांधून पुण्याच्या एसटीत द्यायची, हेही त्यानं कधी चुकवलं नाही. उलटा निरोप कधी आला नाही.

मागच्या साली अंगदचा फोन आला. "आई, त्या पेटीतली विंडोज म्हातारी झाली. तिला आता किडीचं औषध मिळायचं न्हाई. नवी घालावी लागंल. मला सुट्टी खंडेनवमीलाच हाय, फोनवरनं सांगत जाईन. आबांना इचार, चालंल का."

आसाराम शेजारीच बसला होता. "चालंल म्हनावं."

"चालंल म्हनत्यात," लंकाबाई म्हणाली. दोघांनाही सगळं ऐकू येत होतं, तरी निरोप तिनंच पोचवायचा.

खंडेनवमीला अंगद फोनवरून सांगत गेला. आधी सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवा. डिस्कवरून उघडून बघा, नुसता भरवसा नको. पेटी घरी जोडलेली, कंपनीची न्हाई, नवी विंडोज तिचं इंटरनेटचं कार्ड ओळखंलच असं न्हाई, म्हणून त्या कार्डाचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर वेगळं ठेवा. मग इन्व्हर्टरवर घ्या. आसारामनं दिशा डिस्कवरूनही हसते का, ते दोनदा बघितलं.

नांगर-कोयत्यांना हळदकुंकू लागलं. पेटी घरघरत होती.

"हिची पूजा?" लंकाबाईनं विचारलं.

"राबू दे आज. काम झालं की करू."

झेंडूची फुलं ताटात सुकत चालली. आणि एकाएकी पडदा काळा झाला. आसारामचा हात बटनाकडे गेला. तिथंच थांबला. त्यानं तो हात मांडीखाली दाबून धरला आणि फोनकडे तोंड केलं.

"अंगद, काळं झालंय. म्या हात लावला न्हाई."

लंकाबाईनं या खेपेला निरोप पोचवला नाही.

"आबा," अंगद म्हणाला, "काळं हुतंच. थांबा जरा. उजाडंल."

उजाडलं. दिशा पहिल्यासारखीच हसत होती. आसारामनं पेटीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं.

"म्हातारीचा आवाज काय मिळायचा न्हाई," तो फोनला म्हणाला.

"न्हाई, आबा. पुढल्या दसऱ्याला दिशाला घेऊन येतो. तुमीच सांगा तिला, म्हातारी कशी शिव्या घालायची ते."

पुढला दसरा आसारामला लाभला नाही. माघात तो झोपेतच गेला. पण त्या सालचा, दुसऱ्याच दिवशीचा दसरा त्याचा होता. सकाळी त्यानं आपट्याची पानं तोडली, पिशवीत बांधली.

"येनार म्हनलाय की तो आता," लंकाबाई म्हणाली.

"त्यो पुढल्या साली. ह्या सालचं सोनं कोन देनार?"

टोपी घातली आणि स्टँडवर जाऊन त्यानं पिशवी कंडक्टरच्या हातात दिली. "पुन्याला, अंगद." गाडी वळणाआड जाईपर्यंत उभा राहिला, आणि येताना कोंबड्यांसाठी कण्या घेऊन आला.