सव्वाचारची चाचणी

स्वतः मोजल्याशिवाय जगातली कुठलीही गोष्ट खरी मानायची नाही, असं व्रत घेतलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांनी उभी हयात रत्नागिरीच्या बंदरावर भरती-ओहोटीची उंची वहीत लिहिण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर समुद्र सुटला, पण वही सुटली नाही. आंब्याच्या आढीत थर्मामीटर खुपसून ते पेंढ्याखालची ऊब लिहीत. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये किती सेकंद जातात हे त्यांना पाठ होतं आणि तिसरी शिट्टी उशिरा झाली तर ते गॅसवाल्याला फोन करत. आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना हे मनगटावरच्या घड्याळात बघत उभे होते. मंगलाष्टकं संपल्यावर पहिला आशीर्वाद मिळाला तो असा : "भटजींनी चार मिनिटं जास्त घेतली, जावईबापू. सुखी राहा."

मामा अविवाहित. मांडवीला समुद्राच्या आवाजात त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. तिथे ते आणि त्यांची थोरली बहीण, अक्का, असे दोघंच राहतात. अक्कांनीच मामांना लहानाचं मोठं केलेलं. दोन वर्षांपूर्वी अक्का मोरीत पडल्या, मोडलेलं हाड जुळलं, पण त्यानंतर त्यांनी पलंगच धरला. डॉक्टर म्हणाले, रोज चाललंच पाहिजे. मामा हात धरायला गेले की अक्का म्हणत, "मला कुठे जायचंय आता?" आणि भिंतीकडे तोंड करत. हळूहळू बोलणंही कमी झालं. घरात एक माणूस आहे हे मोरीकडे जातानाच्या भिंतीवरच्या हाताच्या आवाजावरून तेवढं कळायचं.

अशा घरात मामांचा कॉम्प्युटर होता. त्यावर इंटरनेट फार हळू उघडतं अशी त्यांची तक्रार होती. कुणीतरी सांगितलं की ब्राउझरला तुम्ही जी एक्स्टेंशनं, म्हणजे जोडीचे छोटे प्रोग्रॅम, लटकवली आहेत, ती काढा. मामांनी विचारलं, "मोजलंय कोणी?" कुणीच मोजलं नव्हतं. झालं! मामांनी ठरवलं, चाळीस एक्स्टेंशनं लावायची, कशाने किती वेळ वाढतो ते काढायचं आणि कागद करून ठेवायचा. जाहिराती अडवणारं, हवामान सांगणारं, पानाला पिवळा रंग देणारं, खोलीत काही हललं की कॅमेऱ्यातून फोटो काढून ठेवणारं, शब्दांचे अर्थ सांगणारं, अशी ती पलटण जमली.

पण चाचणीपेक्षा तयारी मोठी. कॉम्प्युटर पुसून पहिल्यापासून भरला. आपोआप होणारी सगळी अपडेट्स बंद केली. बाकीचे प्रोग्रॅम असे काढले की मशीनला, मामांच्या शब्दांत, "सोवळं नेसवलं". रोज चार वेळा चाचणी. आधी मशीन बंद करून चालू करायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग तीच दहा पानं तीनदा उघडायची. खिडकी बंद, पंखा बंद. शेजारणीला मिक्सर लावायची बंदी, कारण व्होल्टेज पडतं. लाटांच्या तालावर सेकंद चुकू नयेत म्हणून कानांत कापसाचे बोळे. आणि हातात स्टॉपवॉच धरून मामा कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर असे बसत की डोळ्यांची पापणीसुद्धा परवानगी घेऊन लवत असावी. टेबल भिंतीला लागून असल्यामुळे त्यांची पाठ दाराकडे असे. दाराला पडदा, आणि पडद्यापलीकडे अक्कांची खोली.

पंधरा दिवसांनी मामांचा मला फोन आला. आवाज वेगळाच होता. "सकाळी सहा सेकंद. दुपारी सहा. संध्याकाळी सहा. आणि सव्वाचारला नऊ. रोज. जावईबापू, सव्वाचारला इथे कोणीतरी येतं."

मामा भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हेत. भूत मोजता येत नाही म्हणून त्यांनी ते कधीच बाद केलेलं होतं. त्यामुळेच ते वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. अक्का पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मामांनी मला शेजारी स्टुलावर बसवलं, माझ्या कानांत कापूस घातला आणि बजावलं, तिन्ही नोंदी होईपर्यंत हलायचं नाही. कोंडलेल्या खोलीत कापसामुळे स्वतःचाच श्वास डोक्यात ऐकू येत होता. चार वाजून चौदा मिनिटं. पहिलं पान सहा सेकंदांत उघडलं. मग दुसरं उघडायला घेतलं आणि ते अडलं. पांढरा पडदा तसाच. सात. आठ. त्या वेळी मला कापराचा बारीकसा वास आला आणि मानेवर कुणाची तरी नजर आहे असं इतकं स्पष्ट वाटलं, की मी उठणारच होतो. मामांनी माझा गुडघा दाबून धरला. नऊ सेकंदांनी पान उघडलं. उरलेल्या नोंदी होईपर्यंत मी देवाचं नाव घेत बसलो. शेवटी मान वळवली तेव्हा मागे कोणी नव्हतं. पंखा बंद, खिडकी बंद, आणि तरी दाराचा पडदा हलत होता.

पलीकडे जाऊन पाहिलं. अक्का तशाच, भिंतीकडे तोंड करून.

दुसरा कुणी असता तर त्याने नारळ फोडला असता. मामांनी सव्वाचारच्या चाचणीला रोज एक एक्स्टेंशन काढायला सुरुवात केली. पुढच्या रविवारी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. "कॅमेऱ्याचं काढलं आणि सहावर आलं. खोलीत काहीतरी हलतं, ते फोटो काढतं, म्हणून वेळ लागतो." त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "त्याने फोटो साठवलेत. मी एकट्याने उघडले नाहीत."

आम्ही ते उघडले. बाकीचे मामांच्या उठण्या-बसण्याचे होते. सव्वाचारच्या प्रत्येक फोटोत मात्र पुढे मामांचा दगडासारखा चेहरा, कानांत कापूस, आणि मागे दारात अक्का. केस सुटलेले, एक हात चौकटीवर, नजर मामांच्या मानेवर. पहिल्या फोटोत त्या उंबऱ्यापलीकडे होत्या. मामा बोटाने फरश्या मोजू लागले. तिसऱ्या दिवशी एक फरशी आत. आठव्या दिवशी तीन. एका फोटोत मीही होतो आणि अक्का माझ्या मागे हातभर अंतरावर उभ्या होत्या. शेवटच्या फोटोत त्यांचा हात मामांच्या खांद्यापासून चार बोटांवर होता. जे माणूस भिंत सोडून पाऊल टाकत नव्हतं, ते खोलीच्या मधोमध कशाचाही आधार न घेता उभं होतं.

मामांनी कॉम्प्युटर बंद केला. मग उठून पलंगापाशी गेले. तिथे अक्कांच्या पायाला चोळायच्या तेलाचा तोच कापराचा वास होता. "अक्का, तू रोज उठून येतेस?"

अक्कांनी कूस बदलली. किती महिन्यांनी त्यांचं पूर्ण वाक्य ऐकलं मी. "तू हलत नव्हतास रे. दुपारची झोपून उठले की पडद्याच्या फटीतून तुझी पाठ दिसायची, दगडासारखी. हाक मारली तर ओ देत नव्हतास. श्वास चालू आहे ना, ते बघायला यायचे. जवळ येऊन खांदा हलला की परत जायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कामात होतास ना."

त्याच संध्याकाळी मामांनी टेबल फिरवलं आणि दाराचा पडदा बाजूला सारला. आता पलंगावरून त्यांचा चेहरा दिसे आणि ते दर थोड्या वेळाने मान डोलावत. आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. पण अक्का निवांत झाल्या आणि उठायच्या थांबल्या. महिनाभरात पाय पुन्हा सुजले, मोरीपर्यंत जाणंही जड झालं. हेही मामांनीच वहीत पकडलं.

परवा मी मांडवीला गेलो तेव्हा टेबल पुन्हा भिंतीला लागलं होतं. चाचण्या कधीच संपल्या होत्या, तो कागदही तयार होऊन फाईलला लागला होता. कॉम्प्युटर बंद होता. त्या काळ्या पडद्यासमोर मामा दाराकडे पाठ करून, हातही न हलवता बसले होते. कानांत मात्र कापूस नव्हता. मला त्यांनी कोपऱ्यात बसायची खूण केली. पलंग करकरला. मग फरशीवर पावलं घासत येऊ लागली, मध्ये थांबली, परत निघाली. एक हाक आली, "बाळ्या." मामा गप्प. शेवटी हात खांद्यावर टेकला, तेव्हा ते म्हणाले, "ओ, अक्का."

"आहेस ना?"

"आहे."

ती पावलं परत जाऊन पलंग पुन्हा करकरेपर्यंत मामा हलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता त्यांनी वही उघडली.

"गेल्या महिन्यात सोळा पावलांत यायची," ते म्हणाले. "आज बावीस झाली. पाऊल आखूड पडायला लागलंय, जावईबापू."

वहीत त्यांनी बावीस लिहिलं, आणि पुढच्या ओळीत उद्याची तारीख घातली.