दुसऱ्या झोळीची बांधाबांध

मी लेखिका नाही, हे आधीच सांगून टाकते. संस्कृत घेऊन एम. ए. झाले आणि पुढचे सारे आयुष्य शिकवणीला येणाऱ्या मुलांचे निबंध तपासण्यात गेले. तपासणाऱ्याने स्वतः लिहायला बसावे, हे परीक्षकाने पेपर सोडवण्यासारखे आहे. चुकले तर लाज दुप्पट. साठी उलटल्यावर हे धाडस करते आहे, आणि विषयही काही थोर नाही. मला माझ्या नवऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीचा मत्सर वाटत असे, एवढाच तो विषय. तेवढ्यासाठी वाचकांचा वेळ घेते आहे, याबद्दल क्षमा असावी.

नव्वदचे दशक संपत आले होते. आम्ही वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत राहत होतो. मुलगा शिकायला पुण्याला गेला होता. आमचे हे मुंबईत एका कंपनीत हिशेब तपासत. त्यांच्या एका सहकाऱ्याने चिंचोटीच्या पलीकडे, जंगलाला लागून, थोडी जमीन घेतली होती. हिवाळा लागला की शनिवारी दोघे-तिघे मित्र तिथे जात आणि रात्र झाडांमध्ये काढत. तंबू नाही, खाट नाही. दोन झाडांना कापड बांधायचे आणि त्यात निजायचे. हे त्याला ‘हॅमॉक’ म्हणत. मी झोळी म्हणत असे, कारण कोकणात आमच्या घरी तान्ही मुले आईच्या जुन्या साडीच्या अशाच झोळीत निजत.

पहिली झोळी नायलॉनच्या जाळीची होती. पहिल्या रात्रीनंतर हे परत आले तेव्हा त्यांच्या पाठीवर घावनासारखी जाळी पडली होती. मग जाळी गेली आणि छत्रीच्या कापडासारखे, पण त्याहून चिवट असे कापड आले. स्टेशनजवळच्या बॅगा शिवणाऱ्याकडून त्याची दोन्ही टोके दुमडून घेतली. साध्या दोरीने आंब्याची साल सोलली गेली, त्यावरून जमीनमालक मित्र रागावला. तेव्हा दोरीच्या जागी खाटेची रुंद नवार आली. वर दव पडते म्हणून प्लॅस्टिकचा कागद आला. काडेपेटीला ओल लागू नये म्हणून ती फोडून काड्या कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत गेल्या आणि काडेपेटीची घासण्याची बाजू कापून त्याच डबीत गुंडाळली गेली.

हे सारे शुक्रवारी संध्याकाळी हॉलमधल्या चटईवर मांडले जाई. हे प्रत्येक वस्तू तळहातावर घेऊन डोळे मिटून तोलत, सोनाराच्या दुकानात बायका बांगडी तोलतात तशी. स्टीलचा पेला की प्लॅस्टिकचा? विजेरीचे जादा सेल की एक मेणबत्ती? असा विचार त्यांनी दुसऱ्या कशाचा केलेला मला आठवत नाही. मुलाच्या वेळी दवाखान्यात जायची पिशवी मी स्वतः भरली होती. ह्यांनी एक छत्री तेवढी बरोबर घेतली होती, आणि तीही आपल्यासाठी. चटईच्या कडेने चहाचे कप घेऊन जाताना मला तो प्रसंग दर शुक्रवारी आठवे. एखादीला सवतीचा हेवा वाटतो. मला एका खाकी पिशवीचा वाटत असे, आणि हे कोणाला सांगण्यासारखेही नव्हते.

मला तिथे जायचे होते. पण ‘मलाही न्या’ असे मला म्हणायचे नव्हते. ‘तू येतेस का?’ असे ह्यांनी म्हणावे, एवढीच इच्छा होती. तो प्रश्न काही येत नव्हता.

एकदा हे म्हणाले, “अंगावर दोन पांघरुणं घेतली तरी पाठ गारठते. वारा खालून लागतो.” अंगाखाली घातलेली चादर दबून जाते, तिच्यात ऊब राहत नाही, हे माझ्या लक्षात आले. मी एका गोधडीच्या चारही कोपऱ्यांना बंद शिवून दिले आणि ती आत न घालता बाहेरून, झोळीच्या पोटाखाली सैल टांगायला सांगितले. हे परतले ते आनंदातच. “मित्र विचारत होते, कल्पना कुणाची? मी म्हटलं, आमच्याकडे असंच करतात.” आमच्याकडे! त्या एका शब्दात मी कुठे होते, ते मी बराच वेळ शोधत राहिले.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांनी दुसरी झोळी शिवून आणली. रंग जांभळा. कपाटावर ठेवता ठेवता म्हणाले, “आणखी एका गोधडीला बंद लावून ठेवशील? जरा लवकर.”

“कुणासाठी?” हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. मी तो गिळला. जांभळा माझा आवडता रंग. मी मनाशी ठरवून टाकले की ह्यांना विचारता येत नाही, म्हणून हे असे शिवून दाखवत आहेत.

गोधडीसाठी मी माझ्या वापरून मऊ झालेल्या सुती साड्या काढल्या. त्यांत एक अशी होती की जी अजून वर्षभर नेसता आली असती; तीही घातली. दुपारी मुले शिकवणीला येईपर्यंत टाके घालत असे. मग माझी स्वतःची निवड सुरू झाली. साडीत झोळीत चढता येणार नाही म्हणून आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस घेतला, तोही मातकट रंगाचा, आणि कपाटात मागे ठेवला. कापडी बूट घेतले. लहान आरसा न्यावा की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. ह्यांच्यासारखी डोळे मिटून मीही वस्तू तळहातावर तोलू लागले. त्यातून काही कळत नाही, पण बरे वाटते.

एका दुपारी धीर करून जांभळी झोळी गच्चीवर नेली आणि पाण्याच्या टाकीचा खांब व जिन्याचा कठडा यांना बांधली. सरळ निजले तर अंगाचे धनुष्य होते, तिरके निजले तर पाठ सपाट राहते, हे कळायला थोडा वेळ लागला. कळले तेव्हा मी आकाशाकडे पाहत पडून राहिले. तेवढ्यात शेजारची बाई वाळवण उचलायला वर आली. खाडीकाठच्या शेतकरी घरातली ती. जमीन विकून मुलाबरोबर फ्लॅटमध्ये आली होती.

“काय गो मास्तरीन बाय, या वयात पालना?”

मी उठू गेले. झोळी उलटता उलटता राहिली.

“निज, निज. मी कोनाला नाय सांगत. पन हलवायला कोन हाय का? का आपली आपनच झुलतंस?”

“सराव करते आहे,” मी म्हणाले.

“पोर व्हायचा?” असे म्हणून ती इतकी हसली की तिच्या हातातल्या ताटातल्या सांडग्यांतले दोन खाली पडले. मीही हसले. त्या आठवड्यात मला कोणाचाच हेवा वाटला नाही.

शुक्रवारी नणंद, म्हणजे वन्सं, आल्या. ह्यांची धाकटी बहीण. लग्न केले नव्हते. सांगलीला एका शाळेत खेळ शिकवत असत. त्या कधीमधी येत, पण आल्या की घरातला आवाज वाढे. बॅग ठेवायच्या आधीच त्यांनी विचारले, “दादा, माझी झोळी कुठाय?”

ह्यांनी कपाटावरून जांभळी झोळी काढून त्यांच्याकडे फेकली. त्यांनी ती एका हाताने झेलली.

“जांभळी! लक्षात ठेवलंस की!”

“तू मे महिन्यात भांडली होतीस ना, की मला कधी नेणार म्हणून? मग?”

मी चहाचे कप टीपॉयवर ठेवले. सांडला नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते. त्यांनी मागितले होते. सरळ, भांडून मागितले होते, आणि त्यांना मिळाले होते. त्यांना जांभळा रंग आवडतो हे ह्यांच्या लक्षात होते. मला कोणता आवडतो, हे ह्यांनी सांगावे असे मला त्या क्षणी फार वाटले.

दोघे चटईवर बसून सामान भरू लागले. अर्धे बोलणे शब्दांशिवाय चालले होते. ह्यांनी हात पुढे केला की त्या नेमकी नवार देत. लहानपणी दोघांनी एकाच पिशवीत सामान भरून कितीतरी डोंगर पाहिले होते. तिथे माझ्यासाठी फट नव्हती. मग वन्संनी गोधडी उचलून गालाला लावली.

“काय मऊ आहे गं वहिनी! कुणाच्या साड्या?”

“माझ्याच.”

“आणि तू? तू नाही येत?”

नवारीची गुंडाळी करता करता ह्यांनीच उत्तर दिले, “तिला नाही आवडत असलं. डासांचा वैताग आहे तिला.”

डासांची तक्रार मी केव्हातरी बाल्कनीत उभी राहून केली होती. डासांची आवड असलेला मनुष्य मी अजून पाहिलेला नाही.

“खरंच वहिनी?”

मुलांची चूक दाखवताना माझा जसा आवाज निघतो, तसाच आवाज निघाला. “ती गोधडी मी माझ्यासाठी शिवली होती.”

दोघांचेही हात थांबले.

“अगं, मग बोलायचं नाही का?” हे म्हणाले.

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“यात विचारायचं काय? घरातलीच माणसं आपण!”

“दादा,” वन्सं म्हणाल्या, “तू जमाखर्चात हुशार आणि माणसांत पक्का ढ. मी थांबते. मला दोन दिवस लोळायचंच होतं. वहिनी, तू जा.”

मग तेच झाले जे सभ्य घरांत होते. मी म्हणाले, नको, तुम्ही लांबून आलात. त्या म्हणाल्या, तू जा. हे म्हणाले, पुढच्या वेळी सगळेच जाऊ. पंगतीत शेवटचा लाडू फिरतो तशी ती झोळी तिघांत फिरली आणि माझ्या मांडीवर येऊन थांबली. मी ‘नको’ म्हणायचे थांबवले, एवढेच.

पिशवी वन्संनीच भरून दिली. जड वस्तू पाठीशी, हलक्या बाहेर, रात्री लागणारे सगळ्यांत वर. माझा आरसा त्यांनी हसत बाहेर काढला. “कुंकू लावून सागाला दाखवणार आहेस?” त्यांच्या मनात काही नव्हते. त्यांच्या मनात काही नव्हते याचाही मला हेवा वाटला.

बहीण येणार म्हणून ह्यांनी त्या शनिवारी मित्रांना बोलावले नव्हते. जंगल माझ्या कल्पनेपेक्षा साधे होते. कोरडी पाने आणि गार वास. ह्यांनी माझी झोळी आंबा आणि ऐन या दोन झाडांमध्ये बांधली. बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकतात की नाही, ते वाकून पाहिले. गोधडीचे बंद स्वतः बांधले आणि म्हणाले, “तिरकी नीज.” मला ते आधीच येत होते, मी सांगितले नाही. पाठ अगदी उबदार राहिली. मी सुखात होते, हे कबूल करायला हवे. एवढ्यात हे शेजारच्या झोळीतून म्हणाले, “ती असती ना, तर आत्तापर्यंत त्या सागावर चढली असती.”

“हो,” मी म्हणाले.

सकाळी स्टोव्हवर चहा उकळत असताना हे झाडांकडे पाहत उभे होते. “आता तिसरी झोळी शिवून घेऊ. तीन झाडं त्रिकोणात सापडली की तिघांचं भागतं. पुढच्या खेपेला तिलाही आणू. काय?”

मी हो म्हटले. मी दुसरे काय म्हणणार होते? त्या बाईने आपली जागा मला दिली होती. पुढे तिसरी झोळी आली, आम्ही तिघे गेलोही, कितीदा तरी. वन्संनी मागितले, त्यांना मिळाले आणि त्या विसरूनही गेल्या. मीही अखेर मागितलेच, मलाही मिळाले, तरी मागावे लागले हे मला विसरता आले नाही. त्रिकोण शोधताना हे दर वेळी आधी बहिणीला विचारत, “तुला कुठलं झाड?” आणि मग माझी झोळी उरलेल्या बाजूला बांधत, अगदी नीट, अगदी मायेने. एकदाही मला विचारले नाही. मीही, आता बोलता येत असूनही, सांगितले नाही.

तुमच्या घरात, तुम्ही काही न बोलता, तुम्हांला काय हवे आहे ते कोणी आपणहून विचारते का?