प नसलेले सूर

महिपत नागवेकर मुंबईच्या एका हॉटेलात क्लॅरिओनेट वाजवायचा. हॉटेलने बँड बंद केला, तेव्हा तो गावी, मिऱ्यावर, आमच्या शेजारच्या घरात परत आला. हंगामात आंब्याच्या पेट्या ठोकू लागला. ठोकताना खिळे तोंडात धरी, पण गालाकडच्या बाजूला. पुढचे दात त्याने वाद्यासाठी राखून ठेवले होते.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात तेच दात हलू लागले. गणपती झाले की काढू, असं डॉक्टर म्हणाले. वरच्या दातांचा आधार गेल्यावर क्लॅरिओनेट संपलंच. त्याआधी एकदा, आपल्या माणसांसमोर, महिपतला लोक्रियन नावाचा पाश्चात्त्य स्वरक्रम वाजवायचा होता.

तो काय असतो हे त्याने मला बाजाच्या पेटीवर दाखवलं. पट्ट्या नेहमीच्याच पांढऱ्या, पण सुरुवात नीपासून आणि शेवट वरच्या नीवर. ऐकताना पाय टेकायला जागा मिळत नाही. एरवी घरी, म्हणजे सावर, परतण्याआधी प, नी, रे, म एकदम दाबतात. जाझवाले कधी त्यातला प काढतात आणि ध घालतात. त्या नी-रे-म-धवर वाजवणाऱ्याने मनाला येईल तसं लोक्रियनमधून फिरायचं, आणि मग सावर यायचं.

"मास्तर, ह्या चार सुरांत प वाजत नाय. पण ऐकणारा त्याची वाट बघत ऱ्हातो," तो म्हणाला. "ती वाट बघायला लावायची, एवढंच हाय ह्यात."

साथीला कुणी नव्हतं, म्हणून त्याने बायकोला बसवलं. मथुरावहिनींनी कधी पेटीला हात लावलेला नव्हता. त्यांनी चार पट्ट्यांवर कुंकवाचे ठिपके लावले आणि भाकऱ्या उरकल्या की रोज बसू लागल्या. कुंकू पुसलं गेलं तरी बोटं चुकेनात.

भजनी मंडळाचे गंगारामबुवा आधी हसले. पेटी बिघडलीय की वहिनींची बोटं, असं त्यांनी विचारलं. महिपतने फार विनवण्या केल्यावर आरती आणि भजन यांच्या मधला वेळ त्यांनी दिला. एक अडचण होती. आमच्याकडे गणपतीपुढे सूरपेटी एकदा सुरू झाली की भजन संपेपर्यंत तिचा सा आणि प थांबवत नाहीत. महिपतला तो प नको होता, साही आताच नको होता. त्याचं वाजवणं होईपर्यंत सूरपेटी बंद ठेवायची, हेही बुवांनी मान्य केलं.

गणपतीपुढे आरती झाली, तशी वहिनींनी पदर खोचून चार सूर धरले. महिपत नीवरून निघाला. दात दुखत असणार, पण सूर स्वच्छ होता. दोघं-तिघं एकमेकांकडे बघू लागले, तरी कुणी उठलं नाही. मला वाटलं, आता ऐकतील.

तेवढ्यात भागोजीकाका आत आले. वर्षानुवर्षं सूरपेटीचा भाता तेच हलवत. बुवांशी काय ठरलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बंद सूरपेटी दिसली आणि बिचारा महिपत बिनसुराचा वाजवतोय, असं वाटून ते लगबगीने बसले, भाता ओढला. सा आणि प खोलीभर पसरले.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. बोटं त्यांनी उचलली नाहीत. महिपतने दोन-चार सूर आणखी घेतले आणि सावर येऊन थांबला. ते येणं आता कुणाला जाणवायचं नव्हतं. सा आधीच वाजत होता.

"आता लागला बघा सूर," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुझा सूर बंद पडलेला रे," काका मायेने म्हणाले. "मी चालू केला."

"बरं केलंत काका," महिपत म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दात काढले. क्लॅरिओनेट विकलं नाही आणि उघडलंही नाही. वहिनींनी एकदा बाजाची पेटी काढली होती; त्याने नुसतं नको म्हटलं, तशी त्यांनी ती परत झाकली.

दोन वर्षांनी भागोजीकाका गेले. मंडळाने सूरपेटी महिपतला दिली, सुरातला माणूस म्हणून. तो दर गणपतीत कोपऱ्यात बसून भाता हलवतो. त्याच्याइतका स्थिर सा आणि प आमच्याकडे कुणी धरला नव्हता, असं बुवा म्हणतात, आणि ते खरं आहे.