अवेळीचा माज

आई गेल्यावर गास गावातल्या आमच्या वाडीत बाबांच्या सोबतीला एक काळी कुत्री तेवढी उरली. या कुत्रीच्या आजीला आईनं बाजारातून पिशवीत घालून आणलं होतं. मग तिची लेक, आणि आता ही. मी लग्नानंतर चंदनसारला राहते, रविवारी वाडीवर जाते. गेले की बाबांचं एकच, "हिचं एक वेत होऊ दे, बाय. एक पिल्लू ठेवू आपण."

पण कुत्रीच्या माजाला काळवेळ नव्हती. वर्षाची व्हायच्या आत एकदा माजावर आली, मग दीड वर्ष काहीच नाही. नंतर एका थंडीत अंगावरून जायला लागलं, चार दिवसांत थांबलं आणि महिन्याभरात पुन्हा सुरू झालं. बाबांनी जूचंद्रच्या ओळखीतून एक चांगला कुत्रा आणवला. ती त्याच्यावर दात काढून धावून गेली. दोन दिवसांनी तो परत गेला.

आम्ही तिला नालासोपाऱ्याच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"सगळ्या कुत्र्या सहा महिन्यांनीच माजावर येतात असं नसतं, काका," त्या म्हणाल्या. "काही वर्षातून एकदाच येतात. तरुणपणी माज अर्ध्यात थांबून पुन्हाही येतो. पण रक्त तीन-चार आठवडे थांबलं नाही, तर लगेच आणा."

बाबांनी त्या दिवशी वाटेत सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी, घेतली. खूश असले की ते सुकेळी घेत.

त्या उन्हाळ्यात रक्त थांबलंच नाही. गावातले कुत्रे कुंपणाशी ठाण मांडून बसले. बाबा काठी घेऊन दिवसभर कुंपणाजवळच्या बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या काठावर बसायचे, जेवणही तिथेच. मी सुट्टी काढून तिला सोनोग्राफीला नेलं. दोन्ही अंडाशयांत पाण्याच्या गाठी होत्या.

"अंडाशय आणि गर्भपिशवी, दोन्ही काढावी लागतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"एक वेत झाल्यावर काढलं तर?" बाबांनी विचारलं.

"वेत होणारच नाही, काका. बीज सुटतच नाहीये. आणि पिशवीत पू झाला तर कुत्री हातची जाईल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते खाली बघत म्हणाले, "काढा."

ऑपरेशननंतर रिक्षातून परतताना ती गुंगीत त्यांच्या मांडीवर होती. "हिच्या आजीचं बाळंतपण तुझ्या आईनं केलं," ते म्हणाले. "रात्रभर जागली होती." घरी आल्या आल्या त्यांनी पिल्लांसाठी पडवीत मांडलेलं लाकडी खोकं फोडलं आणि त्याच्या फळ्या चुलीशी नेऊन टाकल्या.

कुत्री बरी झाली. जाड झाली, कुंपणाशी कोणी येईनासं झालं. शेजारणीनं एकदा पांढरं पिल्लू आणून दिलं. बाबांनी त्याला दूध पाजलं आणि संध्याकाळी परत नेऊन दिलं.

"ठेवायचं होतं," मी चिडून म्हणाले. "असे एकटे किती दिवस राहणार?"

"ते आपलं नाही, बाय."

"ही तरी किती पुरणार आहे?"

"ही आहे तोवर आहे," ते म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले.

आता कुत्रीचं तोंड पांढरं झालंय. बाबांनी वाडीत विड्याच्या पानांची वेल लावणंही सोडलं. रविवारी मी जाते तेव्हा दोघं पडवीत पडलेली असतात. मी हाक मारते. कधीकधी दोघांतलं कोणीच उठत नाही.