उमाजीअण्णांची तिथी

मारुतीहून परतताना बांगडीवाल्याच्या दुकानाशी पोचले तेव्हा निम्मी वाट सरली होती. निम्मी म्हणजे दोनशे पावलं. बेंगळुराच्या चिकपेटेतल्या त्या गल्लीत साड्यांचे गठ्ठे वाहणारे हमाल तेवढी वाट एका दमात उरकत. उमाजीअण्णांना घरापासून मारुतीपर्यंत पाऊण तास लागे. त्यांनी दुकानाच्या कट्ट्याला हात टेकला तशी कमलाही थांबली. थांबणं भागच होतं. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होता आणि त्याची नळी अण्णांच्या नाकात.

“अक्का, एकदम पुढं जाऊ नका,” बांगडीवाला म्हणाला, “अण्णांचं नाक तेवढं हाती लागायचं.”

अण्णा डोळ्यांनीच हसले. तोंड कामात होतं. ओठांचा चंबू करून ते सावकाश श्वास सोडत होते. बांगडीवाल्याने कुणी न सांगता दारातली पेटती उदबत्ती उचलून आत नेली. गल्लीला आता सवय झाली होती. कोळशाची इस्त्री आली की दोघं पलीकडच्या बाजूला जात, डोशाची गाडी आली की पुन्हा अलीकडे. मारुतीच्या देवळात कमला एकटी आत जाई आणि अण्णा कापराच्या ज्योतीपासून लांब, पायरीखाली हात जोडून उभे राहत.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला भडकवतो, असं दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं होतं. अण्णांना ते सांगायची गरज नव्हती. त्यांचा सगळा जन्मच आगीपुढे गेला होता. विट्याकडच्या एका खेड्यातून सोळाव्या वर्षी ते बेंगळुरात आले ते गलाईच्या कामाला. मोडीचं सोनं आटवायचं, तेजाबात घालायचं, शुद्ध करून द्यायचं. तेजाबातून पिवळा-तांबूस धूर निघे आणि खोलीला खिडकी एकच. पंचेचाळीस वर्षं तो धूर छातीत गेला. सोनं लोकांचं झालं, धूर तेवढा अण्णांकडे राहिला.

कमला निपाणीकडची. साड्यांना फॉल लावायचं काम करी आणि अण्णांच्या समोरच्याच खोलीत राही. अण्णांची बायको सोयराबाई होती तेव्हा दोघी मिळून एकादशी करत, एकीची खिचडी, दुसरीचा वऱ्याचा भात. सोयराबाई जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा संग्राम व्हाइटफील्डला, अकराव्या मजल्यावर. दर रविवारी येई, फळं ठेवी, बापाकडे बघत बसे. बोलायला दोघांनाही सुचत नसे.

घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं तेव्हा कमलाने सगळं नीट ऐकून घेतलं होतं. रोज किमान पंधरा तास लावायचं. काचेच्या नळीतली गोळी दोनच्या रेघेवर ठेवायची, आपल्या मनाने वर नाही, खाली नाही. वीज गेली तर कोपऱ्यातला मोठा सिलिंडर. तरी तिच्या हातून चूक झालीच. नळीने अण्णांचं नाक सुकायचं म्हणून तिने वाटीभर तूप नेऊन दिलं. तिच्या आईचा तो उपाय. सिस्टरने वाटी बघितली आणि कपाळावर हात मारला. तूप, तेल, व्हॅसलीन नळीजवळ काही चालत नाही, पाण्यातलं मलम देते, म्हणाली. कमला खजील झाली. त्याच दिवशी सोयराबाईची समई तिने आपल्या खोलीत नेली आणि दोन घरांचा दिवा एकाच ठिकाणी लावू लागली.

पण खरी चूक पुढे झाली, माघात. कमला सकाळी उप्पीट घेऊन गेली तर अण्णा खुर्चीत पेंगत होते. हलवलं तेव्हा डोळे उघडले, डोकं दुखतंय म्हणाले, आणि उप्पीट बाजूला सारलं. “आज एकादशी,” म्हणाले, “ती जेवत न्हाई, मग मी कसा खाऊ?” त्या दिवशी नवमी होती.  कमलाने गोळी पाहिली, ती पाचावर. बंद करावं असं एकदा मनात आलं, पण बंद कधीच करायचं नाही हे आठवलं. रामाचं नाव घेत तिने गोळी दोनवर आणली आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला.

चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी समजावलं की अशा छातीच्या माणसाचा रक्तातला ऑक्सिजन ब्याण्णव टक्क्यांच्या वर नेऊच नये. जास्त ऑक्सिजन दिला की रक्तात वाईट वायू साठतो, माणूस गुंगतो, बरळतो, न उठण्याइतका झोपतो. अण्णांनी सांगितलं ते असं: कोरोनात सगळे म्हणत होते की नव्वद म्हणजे धोका, म्हणून बोटावरच्या यंत्रात नव्वद दिसल्यावर त्यांनी वाढवलं. भट्टीला वारा वाढवला की सोनं लवकर आटतं, तसंच असेल असं वाटलं. सगळ्यांनी ते मानलं. संग्राम तेवढं म्हणाला की महिनाभर बघू, मग कमलाक्कालाच विचारू, अण्णांना एकटं ठेवावं की व्हाइटफील्डला न्यावं. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन, असं त्याने तिला सांगून ठेवलं.

तो महिना या रविवारी भरत होता.

कमलाने सिलिंडरचा काटा पाहिला. घरापर्यंत पुरेल एवढा वायू होता. निघू या का, असं तिने विचारलं, पण अण्णांनी कट्टा सोडला नाही.

“कमलाक्का, संग्रामला काय सांगणार?”

शहाण्यासारखे वागता, हेच सांगेन, ती म्हणाली. एकदा चूक झाली, कळत नव्हतं म्हणून झाली.

“पहिल्या दिवशी कळत न्हवतं,” अण्णा म्हणाले. मग श्वासासाठी थांबले. “दुसऱ्या दिवशी ठावं हुतं.”

 बांगडीवाला गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवत होता.

तुकड्यातुकड्याने अण्णांनी सांगितलं. पहिल्या दिवशी गुंगी आली तेव्हा सोयराबाई चुलीपाशी होती. पाठमोरी. बांगड्या वाजत होत्या. काही बोलली नाही, पण घरात माणूस आहे असं वाटलं. गोळी खाली आणली, डोकं ताळ्यावर आलं, तर चुलीपाशी कुणी नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम वाढवली. तिसऱ्या दिवशीही.

“मरायचं न्हवतं मला,” ते म्हणाले. “तिनं वळून बगावं एवढंच.”

कमलाने पदर सावरला. रविवारी काय सांगायचं ते आता तिला कळेनासं झालं. खरं सांगावं तर अण्णा अकराव्या मजल्यावर जाणार, दिवसभर बंद दारामागे. न सांगावं तर मारुतीच्या पायरीवर उद्या कुठल्या तोंडाने जायचं?

तिच्या मनातलं अण्णांना दिसलं असावं.

“पोराला सगळं सांगा. लपवू नका,” ते म्हणाले. “पर एक करा. माझा मला भरवसा न्हाई. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की माझ्याकडं या आणि मला तिथी इचारा. चुकली, तर गोळी दोनवर आणा, दवाखान्याला फोन करा आणि संग्रामला बोलवा. मग त्यानं न्यावं मला, मी आडवा येणार न्हाई.”

“आणि बरोबर सांगितलीत तर?”

अण्णांनी कट्ट्यावरचा हात काढला, एक पाऊल टाकलं. नळी ताणली तशी तीही निघाली.

“तर मग,” ते म्हणाले, “स्वल्प बसून जावा.”